परतल्यानंतरचे तीन आठवडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परदेशातून सुट्टीवर आलेल्या माणसाला हदगावात बसस्थानकापासून घरापर्यंत पोचेपर्यंत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘कधी आलास?’ आणि दुसरा, ‘परत कधी जाणार?’ विचारणारा आपलेपणानंच विचारतो. तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही, तो म्हणजे ‘तिकडं परत गेल्यावर मन लागायला किती दिवस लागतात?’ आज आपण या तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलू. याचं उत्तर ठाऊक नसल्यानं पुष्कळ जण परतल्यावर पहिले दोन-तीन आठवडे स्वतःला दोष देत बसतात, घरात चिडचिड करतात, आणि कधी कधी आयुष्यभर पुरणारे निर्णय त्या भरात घेऊन टाकतात.

हदगाव हा नांदेड जिल्ह्यातला तालुका. पैनगंगा ओलांडली, की पलीकडं विदर्भातलं उमरखेड. कापूस, सोयाबीन, तूर आणि हळद पिकवणारा हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळं इथल्या जुन्या माणसांचं मोठं शहर म्हणजे हैदराबाद. शिकायला नांदेडला, फार तर तेव्हाच्या औरंगाबादला जायचं आणि कुठंतरी नोकरीला लागायचं, एवढीच बहुतेकांची धाव असे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ही धाव लांबली. इथली मुलं-मुली पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांतून अमेरिकेत, इंग्लंडात, जर्मनीत जाऊ लागली. कोणी ड्रायव्हर, वायरमन, गवंडी म्हणून आखातात जाऊ लागले. २००८ मध्ये हैदराबादजवळ शमशाबादचा विमानतळ सुरू झाला आणि मुंबईपेक्षा जवळचं हैदराबाद हेच अनेकांसाठी परदेशाचं दार झालं.

माणूस कुठं गेला आहे, यावर त्याची सुट्टी ठरते. संयुक्त अरब अमिरातीत एक वर्ष पूर्ण केलेल्या कामगाराला वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा कायद्यानं मिळते. युरोपीय संघाच्या देशांत किमान चार आठवडे मिळतात. अमेरिकेत खासगी नोकरदाराला भरपगारी रजा दिलीच पाहिजे, असा देशभराचा कायदाच नाही. कंपनी देईल तेवढी घ्यायची. म्हणून तिथला माणूस दोन वर्षांची रजा साठवतो आणि तीन आठवड्यांसाठी गावी येतो. त्या तीन आठवड्यांत दोन लग्नं, एक वास्तुशांती, तहसीलमधलं काम, बँकेचं काम, दातांचा डॉक्टर, मावशीकडं एक मुक्काम आणि शेतावरचा हुरडा बसवायचा असतो. मग एका रात्री बॅगा भरल्या जातात. शनिवारी हदगावातून निघालेला माणूस सोमवारी सकाळी तिथल्या ऑफिसात टेबलावर बसलेला असतो.

माहेराहून सासरी

हा अनुभव आपल्याला नवा वाटतो, पण आपल्या घरांना तो फार जुना आहे. माहेराहून सासरी परतणारी लेक आठवा. पंचमीला किंवा दिवाळीला भाऊ मुराळी म्हणून जायचा आणि बहिणीला घेऊन यायचा. आठ-पंधरा दिवस राहून ती परत निघाली, की तिला रिकाम्या हातानं पाठवत नसत. ओटी भरायचे, शिदोरी बांधून द्यायचे, पोचवायला कोणीतरी सोबत जायचं. नव्या नवरीबरोबर पाठराखीण जायची आणि काही दिवस तिथंच राहायची. सासरी गेल्यावरही मन मोकळं करायला एक जागा होती. ती म्हणजे पहाटेचं जातं. ओव्यांमध्ये माहेर इतक्या वेळा का येतं, याचं उत्तर तिथं आहे.

म्हणजे परतणं अवघड असतं, हे जुन्या माणसांनी मान्य केलं होतं आणि त्यासाठी तीन सोयी करून ठेवल्या होत्या: शिदोरी, सोबत आणि बोलायला जागा. विमानानं परतणाऱ्याला आपण शिदोरी भरपूर देतो. जवसाची चटणी, कारळाची चटणी, येसर, घरची हळद आणि वजनकाट्यावर बॅग चढवताना काढून ठेवावं लागणारं आणखी बरंच काही. राहिलेल्या दोन सोयी मात्र त्याला मिळत नाहीत. उलट ‘एवढा शिकला-सवरला, पगार चांगला, आणि रडतो काय?’ असं ऐकावं लागतं. कित्येकदा तो स्वतःच स्वतःला हे ऐकवतो.

अभ्यासकांनी काय पाहिलं

युरोपात घरच्या ओढीला १७व्या शतकात आजार समजत. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं १६८८ मध्ये बाझल इथं लिहिलेल्या प्रबंधात या आजाराला ‘नॉस्टॅल्जिया’ असं नाव दिलं. ‘घरी परतणं’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यानं ते तयार केलं. झोप न लागणं, भूक मंदावणं, छाती धडधडणं, सतत गावाचा विचार येणं, ही त्याची लक्षणं. आणि सगळ्यांत खात्रीचा उपाय? रुग्णाला घरी पाठवणं! आपला आजचा रुग्ण घरी जाऊनच तर आलेला असतो. त्यामुळं होफरचा उपाय इथं चालत नाही.

२०व्या शतकात या गोष्टीकडं आजार म्हणून पाहणं थांबलं. १९५४ मध्ये कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरो इथं एक भाषण केलं. परक्या देशात गेलेल्या माणसाला बसणाऱ्या सांस्कृतिक धक्क्याच्या चार पायऱ्या त्यानं सांगितल्या. आधी नवलाई, मग त्रास, मग हळूहळू सावरणं आणि शेवटी रुळणं. पुढच्याच वर्षी स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या नॉर्वेच्या लोकांचा अभ्यास करून हाच आलेख काढला. रोमन लिपीतल्या ‘यू’ अक्षरासारखा तो आधी उतरतो आणि मग चढतो. १९६३ मध्ये गुलाहॉर्न आडनावाच्या दोन संशोधकांनी त्याला दुसरा ‘यू’ जोडला. परदेशातून मायदेशी परतल्यावरही माणसाचं मन असंच खाली जाऊन वर येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या अभ्यासांत हा आलेख सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, असंही दिसून आलं. पण त्यातली मुख्य गोष्ट आपल्या कामाची आहे. जागा बदलली, की मनाला पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, मग ती जागा ओळखीची का असेना. दहा वर्षं न्यू जर्सीत राहिलेला माणूस महिनाभर हदगावला राहून परत गेला, तर त्याला पुन्हा थोडं नव्यानं स्थलांतर करावं लागतं. पहिल्यापेक्षा हे छोटं असतं, पण असतं जरूर. त्याला वेळ द्यायचा असतो, हे आपण विसरतो.

आधी शरीर

परतल्यावर जो जडपणा येतो, त्यातला बराच भाग शरीराचा असतो. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडं वर, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. तेच आपलं मुख्य घड्याळ. झोप, भूक, अंगाचं तापमान, काही संप्रेरकं, यांच्या वेळा ते सांभाळतं. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं, हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. हातातलं घड्याळ विमान उतरताच बदलता येतं. हे आतलं घड्याळ मात्र ढोबळमानानं दिवसाला एखादा तासच सरकतं. भारत आणि न्यूयॉर्क यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. म्हणजे शरीर ताळ्यावर यायला आठ-दहा दिवस लागणं अगदी साहजिक आहे. कॅलिफोर्नियाचा फरक याहून मोठा. रात्री दोनला टक्क जाग येते. घर शांत, बाहेर अंधार. हदगावात तेव्हा दुपार असते, म्हणून फोन हातात घेतला जातो आणि आईचा आवाज ऐकून डोळे भरून येतात. झोप न झालेल्या माणसाला कुठलंही दुःख दुप्पट वाटतं, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपली माणसं बहुधा डिसेंबरात येतात, कारण तेव्हा तिथं नाताळची सुट्टी आणि इथं सुखद थंडी असते. डिसेंबरअखेर हदगावला दिवस सुमारे ११ तासांचा असतो. लंडनला तो ८ तासांच्या आसपास आणि स्टॉकहोमला ६ तासांच्या आसपास असतो. हुरडा खात उन्हात बसलेला माणूस तीन दिवसांत अशा गावी पोचतो, जिथं दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात. कमी उजेडामुळं हिवाळ्यात येणाऱ्या उदासीचं शास्त्रीय वर्णन नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं. तेव्हा जानेवारीत परतलेल्या माणसाच्या मनावर आलेलं मळभ पूर्णपणे गावाच्या आठवणीचं आहे, असं समजू नये. त्यात काही वाटा खऱ्याखुऱ्या अंधाराचा असतो.

तिसरी गोष्ट तापाची. परदेशातले डॉक्टर मायदेशी नातेवाइकांना भेटायला जाऊन येणाऱ्यांना एक वेगळा गट मानतात. हे लोक पर्यटकांपेक्षा बेफिकीर असतात. ‘आम्ही इथंच वाढलो, आम्हाला काय होतंय?’ असं म्हणून ते लस घेत नाहीत, मच्छरदाणी लावत नाहीत, कुठलंही पाणी पितात. पण मलेरियाशी लढण्याची शरीराची सवय काही वर्षांत ओसरते, आणि परदेशात जन्मलेल्या मुलांना तर ती नसतेच. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये सापडणाऱ्या टायफॉइडच्या रुग्णांत अशा प्रवाशांचा मोठा वाटा असतो. म्हणून परतल्यावर ताप आला, तर ‘दगदग झाली’ म्हणून अंगावर काढू नये. डॉक्टरांकडं जावं आणि आपण भारतात जाऊन आलो हे आपणहून सांगावं. न विचारता सांगावं, कारण तिथल्या डॉक्टरांच्या मनात मलेरिया पटकन येत नाही.

आता आखाताचं उदाहरण घ्या. दुबई आणि हदगाव यांच्यात फक्त दीड तासाचा फरक आहे. उजेडाची उणीव नाही. तरीही सुट्टीहून परतलेला कामगार खोलीवर कॉटवर पडून छताकडं बघत राहतो. म्हणजे शरीराचा वाटा वजा केला, तरी काहीतरी उरतं. आता त्याकडं वळू.

सुट्टीतलं गाव आणि रोजचं परदेश

परतलेला माणूस नकळत एक तुलना करत असतो. इकडं गजबज, तिकडं शांतता. इकडं आईच्या हातची गरम भाकरी, तिकडं फ्रिजमधला डबा. तुलना खरी असते, पण सारख्याची सारख्याशी नसते. सुट्टीतल्या गावाची गाठ तो परदेशातल्या सोमवारशी घालतो. सुट्टीत आलेल्याला पाण्याची पाळी सांभाळावी लागत नाही, रात्रीच्या विजेवर शेताला पाणी द्यायला जावं लागत नाही, पीकविम्याच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. भाऊ ते सगळं करतो आणि पाहुण्याला ताट वाढलं जातं. त्याच भावाला महिनाभर परदेशात पाहुणा म्हणून नेलं, तर त्यालाही ते शहर स्वर्गच वाटेल.

सुट्टीच्या सुखाबद्दल नेदरलँड्समध्ये एक अभ्यास झाला होता. १५३० प्रौढांची माहिती घेऊन २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की सुट्टीवर जाणारे लोक इतरांपेक्षा अधिक आनंदी असतात ते जाण्यापूर्वी. परतल्यानंतर त्यांच्यात आणि घरीच राहिलेल्यांत फारसा फरक उरत नाही. अपवाद एकच, अगदी निवांत सुट्टी घालवलेल्यांचा. त्यांचा आनंद थोडे दिवस टिकतो. आता आपली सुट्टी निवांत असते का, हे ज्याचं त्यानं सांगावं. तीन आठवड्यांत पंचवीस घरी चहा घेतलेला माणूस थकूनच परततो. पुढच्या खेपेला निदान चार दिवस कुठंही न जाता घरी राहायचं, असं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं, तर येणाऱ्यालाही बरं आणि आई-वडिलांनाही मुलगा वाट्याला येतो.

आखातातल्या कामगाराची अडचण आणखी वेगळी असते. त्याचं कुटुंब गावीच राहतं, म्हणून त्याचं परतणं दुहेरी असतं. त्यात सुट्टीतला खर्च. परदेशातून आलाय म्हटल्यावर लग्नातला आहेर, देवळाची वर्गणी, मित्रांचं जेवण, सगळं त्याच्याच खिशातून. परतल्यावर पहिले चार पगार ते फेडण्यात जातात आणि ‘मी इथं कशासाठी आलो?’ हा प्रश्न तेव्हाच सगळ्यात जास्त टोचतो. येण्याआधी खर्चाचा आकडा ठरवून तो बायकोला किंवा वडिलांना सांगून ठेवणं, हा त्यावरचा साधा उपाय आहे. मग ‘नाही’ म्हणायला घरातलं कोणीतरी सोबत असतं.

ज्याची खरी बोच असते

एवढं सगळं वजा करूनही एक गोष्ट उरते, आणि परतलेल्याची झोप खरी तीच उडवते. आई-वडील म्हातारे झालेले दिसतात. रोज पाहणाऱ्याला हा बदल कळत नाही. दोन वर्षांनी पाहणाऱ्याला तो एकदम कळतो. वडील जिना चढताना मध्येच थांबतात, आई एकच गोष्ट दोनदा विचारते. निघताना दोघंही ‘आमचं काय, आम्ही मजेत आहोत’ म्हणतात. आपल्याकडं निरोप घेताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, ‘येतो’ म्हणायचं असतं. तो ‘येतो’ म्हणताना मनात येतं, की पुढच्या खेपेला हे असंच असेल का?

या बोचणीला ‘घरची आठवण’ म्हणून चालणार नाही. आठवण दिवसांनी बोथट होते, ही होत नाही. कारण तिच्या मागं एक खरं काम शिल्लक असतं. ते काम झालं, तर बोचणी कमी होते. नाही झालं, तर ती वर्षभर चिडचिड, जास्तीचे पैसे पाठवणं आणि दिवसातून चार व्हिडिओ कॉल या रूपांनी बाहेर पडत राहते.

ते काम असं. रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखू लागलं, तर हदगावहून नांदेडला गाडी कोण काढणार, त्याचं नाव ठरलं आहे का? अंतर साठ-सत्तर किलोमीटरचं. सरकारी रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे, ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे; पण तो क्रमांक आईला पाठ आहे का? कोणती गोळी चालू आहे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, जुने रिपोर्ट कुठं आहेत, हे एका फायलीत आहे का? बँकेत वारसाचं नाव लागलेलं आहे का? सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव तर नाही ना? यातली बहुतेक कामं एका दिवसात होतात, पण सुट्टीच्या धामधुमीत तो एक दिवस निघत नाही. जमिनीची किंवा घराची कामं दुसऱ्या कोणाकडं सोपवायची असतील, तर त्या ठरावीक कामापुरतं मुखत्यारपत्र इथं असतानाच करून द्यावं. परदेशातून ते करायचं, तर तिथं साक्षांकन, मग इथं आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक, अशी दगदग होते.

ज्यांच्याकडून सुट्टीत हे राहून गेलं, त्यांनी परतल्यावर उदास बसण्यापेक्षा याच कामांची यादी करावी आणि आठवड्याला एक काम फोनवरून मार्गी लावावं. पाठवलेल्या पैशांपेक्षा ठरलेल्या माणसाचा आई-वडिलांना जास्त आधार असतो.

तीन आठवडे कसे काढावेत

पहिला आठवडा शरीराला द्यावा. जमलं तर कामावर रुजू होण्याआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत. त्यासाठी गावचा मुक्काम तेवढा कमी करावा लागला तरी चालेल. दिवसा बाहेर उजेडात अर्धा तास चालावं. जेवण तिथल्या वेळेला घ्यावं, भूक असो वा नसो. दुपारी डुलकी आलीच तर अर्ध्या तासाच्या आत उठावं. झोप डोळ्यांवर असताना गाडी चालवू नये. विमानतळावरून स्वतः गाडी हाकत घरी जाण्याची फुशारकी तर मुळीच नको.

दुसरा आठवडा अवघड. झोप जागेवर आलेली असते, ऑफिसातल्यांचं ‘कशी झाली सुट्टी?’ विचारून झालेलं असतं, आणि आता पुढची सुट्टी दोन वर्षांनी, हे ध्यानात येतं. या आठवड्यात माणसांत राहावं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झालं. गणपती आणि नाटकांबरोबरच या मंडळांचा एक उपयोग असा, की तिथं ‘नुकताच जाऊन आलो’ म्हटलं, की समोरच्याला पुढचं सांगावं लागत नाही. जिथं मंडळ नसेल, तिथं ओळखीच्या एका घरी जेवायला जावं. शिदोरीतली चटणी एकट्यानं पुरवून पुरवून खाण्यापेक्षा चौघांना बोलावून संपवावी. ही जुन्या पाठराखिणीची जागा आहे.

शिदोरीवरून एक सूचना. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याची प्रत्येक वस्तू विमानतळावर जाहीर करावी लागते, नाहीतर दंड होतो. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून मांस आणि दूध-दुपत्याचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. घरचं तूपही त्यात येतं. आईनं कढवलेलं तूप विमानतळावरच्या टोपलीत टाकावं लागणं, ही परतीची फार वाईट सुरुवात असते. आधीच सांगितलेलं बरं.

तिसऱ्या आठवड्यात गावाशी बोलण्याची घडी बसवावी. एकेकाळी खुशालीचं पत्र यायला पंधरा दिवस लागत. नंतर एस.टी.डी. बूथवर रांग लावून, धावत्या मीटरकडं पाहत बोलावं लागे. तेव्हा बातमी कळत नसे, हे दुःख होतं. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला आणि त्याच वर्षी आपल्याकडं इंटरनेट स्वस्त झालं. तेव्हापासून उलट झालं. घरातलं प्रत्येक ताट, प्रत्येक सण मिनिटामिनिटाला दिसतो आणि परतलेला माणूस अर्धा इथं, अर्धा तिथं राहतो. दिवसभर तुकड्या-तुकड्यानं बोलण्यापेक्षा एक वेळ ठरवावी. हिवाळ्यात हदगावचे सकाळचे साडेसात म्हणजे न्यूयॉर्कचे आदल्या रात्रीचे नऊ. आई-वडिलांचा चहा आणि मुलाचं रात्रीचं जेवण आटोपलेलं, दोघांनाही सोयीचं. मुलांना आजी-आजोबांशी आठवड्यातून एकदा एकट्यानं बोलू द्यावं. शेजारी बसून वाक्यं सांगू नयेत. सुट्टीत चुलत भावंडांकडून उचललेली मराठी अशीच टिकते.

निर्णय कधी घ्यावा

परतल्यावर पहिल्या महिन्यात दोन विचार जोर करतात. एक, ‘नोकरी सोडून गावी जाऊ’. दुसरा, ‘निदान गावाजवळ चार एकर घेऊन ठेवू’. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारशानं मिळू शकते, पण परकीय चलनाच्या नियमांनुसार विकत घेता येत नाही. नातेवाइकाच्या नावानं घेऊन ठेवण्याच्या वाटेला गेलं, तर पुढं नातं आणि जमीन दोन्ही अडचणीत येतात.

पहिल्या विचाराला मात्र हसण्यावारी नेऊ नये. तो कागदावर तारीख घालून लिहावा: का जायचं, काय काम करायचं, मुलांची शाळा, जोडीदाराचं म्हणणं, किती पैसे लागतील. मग कागद बाजूला ठेवावा आणि तीन महिन्यांनी काढून वाचावा. झोपेचं, अंधाराचं आणि थकव्याचं ओझं तोवर उतरलेलं असतं. तेव्हाही तोच विचार तितकाच पक्का असेल, तर ती नुसती हुरहुर नव्हती. मग नीट तयारी करून यावं, लोक येतातही. तीन महिन्यांनी कागद परका वाटला, तर गावावरचं प्रेम आटलं असं समजू नये. एवढंच, की आपलं घर आता तिकडंही झालं आहे.

शेवटी गावी राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. मुलगा-सून परत गेल्यावर तुमचंही घर सुनं होतं. नातवाचा राहिलेला मोजा सापडला, की हात थांबतो. ते मुलांपासून लपवू नका, पण रोज फोनवर रडूही नका. दुखणं मात्र कधीच लपवू नका. ‘पोरगं तिकडं काळजी करील’ म्हणून आठ दिवस ताप झाकून ठेवणाऱ्या आई-वडिलांचे फोन मुलांना पुढं कायमचे संशयाचे वाटतात. ‘बरं आहे’ म्हटलं तरी पटत नाही. बरं असलं तर बरं सांगा, नसलं तर नाही सांगा. गुडघा दुखत असेल, तर तो दुखतो म्हणा, आणि डॉक्टरांकडं कोणाबरोबर जाणार आहात तेही त्याच फोनवर सांगून टाका. असा खरा फोन आला, की तिकडच्या माणसाला त्या रात्री झोप लागते आणि सकाळी कामाला जाता येतं.